एका तिथीसाठी तीन मशीनं

"अक्का, तिथी मिळाली का?" यशोवर्धनचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन होता आणि अजून साडेदहाही वाजले नव्हते.

"मिळेल. कॉम्प्युटर उघडतायत," आश्लेषा म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर अण्णांचा निळा कॉम्प्युटर तोंडावर पालथा पडला होता आणि अण्णांचे दोन मित्र, रघुनंदनकाका आणि भीमाचार्यकाका, त्याचे स्क्रू काढत होते.

आश्लेषाच्या वडिलांना, श्रीहरीअण्णांना, जाऊन तीन महिने झाले होते. नात्यातल्या अकरा घरांच्या पूर्वजांच्या तिथ्या फक्त त्यांच्याकडे लिहिलेल्या होत्या, हे लोकांचे फोन येऊ लागल्यावर घरच्यांना कळलं. यशोवर्धन हा आश्लेषाचा लांबचा चुलतभाऊ, बंगळुरात चिकपेटेत त्याचं साड्यांचं दुकान. त्याला आजोबांचं, म्हणजे वामनअण्णांचं श्राद्ध येत्या आठवड्यात करायचं होतं. मठात आज पाचच्या आत दिवस सांगितला नाही, तर पुढे जागा नव्हती.

यादी या निळ्या मशीनमध्ये होती. पंचवीस वर्षांपूर्वीची वस्तू. पडदा, यंत्र, स्पीकर सगळं एकाच फुगीर पारदर्शक पेटीत आणि डोक्यावर हॅन्डल. रघुनंदनकाकांकडे तसंच नारिंगी होतं, भीमाचार्यकाकांकडे हिरवं. आज निळं सुरू होत होतं, सूरही काढत होतं, पण पडदा काळाच राहत होता.

"काका, पडद्याचं जाऊ द्या," आश्लेषा म्हणाली. हेब्बाळच्या ऑफिसातून तिनं खास केबल आणली होती. "आतली डिस्क तेवढी काढून द्या. मी लॅपटॉपला जोडते. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटं!" भीमाचार्य हसले. "अगं, डिस्कपर्यंत पोचायला अर्धं मशीन सोलावं लागतं. म्हणून मी पहिल्यापासून सांगतोय, सगळं एका पेटीत कोंबणं हा शुद्ध मूर्खपणा. पडदा गेला की घर गेलं."

"आणि वायरींचं जंगल होत नाही ते?" रघुनंदन म्हणाले. "टेबलावर ठेव, एक वायर लाव, सुरू कर. याला डिझाइन म्हणतात."

"सतरा किलोच्या डब्याला हॅन्डल लावणं याला काय म्हणतात?"

"ते उचलायला नाहीच मुळी! माणसानं यंत्राला भिऊ नये म्हणून आहे."

"माझी कंबर भिते ना!"

"काका, डिस्क," आश्लेषा म्हणाली.

डिस्क निघायला पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं गोल माऊस चांगला की वाईट यात गेली. शेवटी तिनं डिस्क लॅपटॉपला जोडली. तिच्यात नळाला पाणी न आल्याबद्दलची एकशे बारा तक्रारपत्रं होती. प्रत्येकाखाली सही: आपला नम्र, भीमाचार्य.

भीमाचार्य चष्मा पुसू लागले.

"काका, तुमची डिस्क अण्णांच्या मशीनमध्ये कशी?"

"माझी स्वल्प खडखडत होती. म्हणून मे महिन्यात त्याची नेली. चार दिवसांसाठी."

"मे महिन्यात ते हॉस्पिटलमध्ये होते!"

"विचारलं होतं मी. तिथे जाऊन विचारलं. मान हलवली त्यानं."

"त्यांच्या तोंडात नळी होती, काका."

"नळी असली तरी मान हलवता येते."

रघुनंदन ताडकन उठले. "अय्यो, लाज वाटत नाही भीमा? आजारी माणसाच्या मशीनमधून डिस्क काढतोस?" आणि एवढं बोलून ते एकदम खिडकीबाहेरचा नारळ बघू लागले.

आश्लेषानं निळ्या पेटीत वाकून बघितलं. हे तिला फारसं कळत नव्हतं. पण एका बोर्डावर नारिंगी पेनानं 'रघु' लिहिलेलं तिलाही वाचता आलं.

"हा पडद्याचा बोर्ड ना, काका?"

"माझा जळला होता," रघुनंदन पुटपुटले. "त्याचा सुम्ने, नुसताच पडून होता. जागा रिकामी दिसू नये म्हणून माझा लावून ठेवला."

"जळलेला?"

"त्यानं मला पण मान हलवली होती."

स्वयंपाकघरातून आश्लेषाची आई, सत्यवतीबाई, बाहेर आल्या. "तुम्ही दोघं भेटून गेलात की हे दिवसभर खूश असायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, देवाधर्माचं काही बोलत असतील."

म्हणजे अण्णांची डिस्क आता हिरव्या मशीनमध्ये होती. ते पंधरा दिवसांपूर्वी बंद पडलं होतं. नारिंगी अण्णांच्या बोर्डावर ठणठणीत चालत होतं. रघुनंदन मल्लेश्वरमहून आणि भीमाचार्य बसवनगुडीहून आपापलं मशीन रिक्षात घालून घेऊन आले, तेव्हा तीन वाजले होते. रिक्षावाल्यानं हिरव्याला टीव्ही समजून कुठल्या साली घेतला ते विचारलं, याचा भीमाचार्यांना राग आला होता.

"आता हिरव्यातली डिस्क काढून द्या. माझी केबल आहेच," आश्लेषा चौथ्यांदा म्हणाली.

"त्यानं ती यादी ज्या प्रोग्रॅममध्ये केली, तो तुझ्या लॅपटॉपला ओळखीचा नाही," रघुनंदन म्हणाले. "नारिंगीतच घालावी लागेल."

"माझ्या हिरव्यात घाल. पडदा नीट आहे माझा."

"तुझं सुरूच होत नाही रे, पडदा काय आरशासारखा वापरणार?"

साडेचारला टेबलावर तीन पेट्या, खुर्चीवर पेट्यांच्या काढलेल्या दोन पाठी आणि भाताच्या कुकरच्या झाकणात एकोणीस स्क्रू होते. यशोवर्धनचे आणखी चार फोन येऊन गेले होते. पावणेपाचला नारिंगी मशीननं सूर काढला, पडदा उजळला, आणि अण्णांची डिस्क पंख्यासारखी गुरगुरत जागी झाली. यादी उघडली.

अकरा घरं, सरळ रेषेत. नाव, नातं, महिना, पक्ष, तिथी. आश्लेषानं बोट पडद्यावरून खाली नेलं. अण्णांना पडद्याला बोट लावलेलं चालत नसे. वामनअण्णा सापडले. महिना श्रावण, पक्ष वद्य. तिथीच्या रकान्यात लिहिलं होतं: यशोवर्धनला विचारणे.

भीमाचार्यांनी ते पुन्हा वाचलं. "दरवर्षी तो श्रीहरीला विचारायचा ना?" ते म्हणाले. "मग श्रीहरी..."

फोन वाजला.

"अक्का, मठातले दार लावतायत. मिळाली?"

आश्लेषानं पडद्याकडे बघितलं. "तुला काय आठवतं रे?"

"मला काय, पंचमी वाटते. दरवर्षी मला पंचमीच वाटते. पण काकांनी हो म्हटल्याशिवाय मी कधी ठरवलं नाही. ते पण असंच आधी मला विचारायचे, मग जरा वेळ थांबायचे. बघत असतील कॉम्प्युटरमध्ये."

आश्लेषा जरा वेळ थांबली.

"पंचमीच," ती म्हणाली.

"नक्की ना? बघितलंस ना नीट?"

"समोर उघडलंय."

"सरी अक्का. फार बरं झालं. खात्रीनं सांगणारं माणूस पाहिजे बघ घरात." त्यानं फोन ठेवला.

रघुनंदन कीबोर्ड तिच्याकडे सरकवत म्हणाले, "आता तिथं पंचमी लिहून टाक. पुढच्या वर्षी एवढी तीन मशीनं फोडायला नकोत."

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि काढून घेतली.

"राहू दे, काका. लिहून ठेवलं तर मी त्याला विचारणार काय?"