सावडीची बोट

देवमनरावांच्या इंजिनात तेल नाही हे खुशालरावांना कळलं, तेव्हा ते बोटीत पालथे पडलेले होते आणि त्यांचं डोकं फळीखालच्या खळग्यात होतं. तेल मोजायची काडी त्यांनी तीनदा पुसून तीनदा बुडवली आणि तिन्ही वेळा ती कोरडी निघाली. इंजिन आपलं असतं तर माणूस तेल टाकतो आणि मोकळा होतो. पण हे इंजिन व्याह्यांचं होतं.

एकाच बोटीतलं एक इंजिन आपलं आणि दुसरं व्याह्यांचं कसं, हे आधी सांगायला हवं. वऱ्हाडात ज्याच्याकडे एकच बैल असतो तो तसल्याच दुसऱ्या माणसाशी सावड करतो. दोघांचे मिळून दोन बैल होतात, आज तुझं वावर, उद्या माझं. पण चारापाणी ज्याचं त्याने बघायचं. हिवरखेडच्या देवमनरावांनी गावाजवळच्या धरणावर पर्यटकांसाठी बोट ठेवायचं मनावर घेतलं आणि अमरावतीच्या व्याह्यांना निम्मी भागीदारी दिली. कोकणातल्या कोण्या शेठची एकोणतीस वर्षांची बोट मिळाली. मधे खोली, खोलीत निजायला दोन बाकं, तोंड धुवायला बशीएवढं भांडं आणि मागे फळीखाली दोन डिझेल इंजिनं. ट्रेलरवरून ती गावात आली तेव्हा देवमनरावांनी तिला फेरी मारली, दोन्ही इंजिनांवर थाप दिली आणि निकाल सांगितला.

"जोडी हाय. डावं तुमचं, उजवं माहं. तुमी तुमचा बैल पाहा, मी माहा पायतो."

खुशालरावांनी मान हलवली. व्याह्यांपुढे ते गेली चार वर्षं मानच हलवत होते. त्यांची एकुलती एक आरती त्या घरात दिली होती. जावई अनुप अकोल्याला नोकरीला, आठवड्याला घरी येणारा. बाकी सहा दिवस आरती आणि तिचे सासरे. देवमनराव मनाने वाईट नव्हते, पण अपमान झाला असं वाटलं की ते अबोला धरत. एका चुलतभावाशी ते अकरा वर्षं बोलले नव्हते, आणि कारण काय तर त्याने लग्नात यांच्या फेट्याला हात लावून तो सरळ केला होता. अशा माणसाला "तुमच्या इंजिनात तेल नाही" म्हणून कोण सांगणार?

त्यातून खुशालरावांचा स्वभाव. परीक्षा विभागात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. पाकीट चिकटवलं की आत पेपर घातला ना या शंकेने ते पुन्हा फोडून बघायचं, हा त्यांचा रोजचा व्यायाम होता. आता त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागलं की बोट धरणाच्या मध्यावर आहे, उजवं इंजिन जाम झालंय, पर्यटक ओरडताहेत आणि देवमनराव आरतीकडे बघताहेत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या इंजिनासाठी आणलेला पाच लिटरचा डबा व्याह्यांच्या इंजिनात उपडा केला.

वास्तविक देवमनराव हलगर्जी नव्हते. तेल टाकायचा त्यांचा वार गुरुवार होता, आणि त्या गुरुवारी त्यांनी काडीबिडी न बघता आपला ठरलेला डबा ओतला. मग काडी पाहिली. खूण झिजलेली होती, म्हणून तेल लागलं तिथे खिळ्याने एक रेघ मारून ठेवली.

त्यानंतर दर रविवारी खुशालराव बडनेऱ्याहून गाडीने अकोला आणि तिथून एसटीने हिवरखेड गाठू लागले. आरतीच्या हातचं जेवायचं, देवमनराव आडवे झाले की धरणावर यायचं आणि आपल्या इंजिनाचा पट्टा, नळ्या, गाळणी बघायची. एका रविवारी देवमनराव जेवताना आपणहून म्हणाले,

"माह्या इंजिनाले महिना झाला थेंब नाही टाकला. तरी पाहा, रेघेच्या खाली नाही. जातवान हाय."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. महिनाभर थेंब नाही! म्हणजे ते इंजिन आपल्याच तेलावर जगतं आहे. व्याह्यांनी मारलेल्या रेघेवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्या दुपारी काडी न बघताच त्यांनी एक लिटर ओतलं. पुढच्या रविवारी देवमनराव म्हणाले की तेल उलट बोटभर वर आलं. खुशालरावांना ती बढाई वाटली. बढाई मारणारा माणूस काडी नीट बघत नाही, हा त्यांचा अनुभव होता, म्हणून पुन्हा एक लिटर. पुढचे काही रविवार हेच चाललं. त्यांना स्वतःच्या धूर्तपणाचं कौतुकही वाटू लागलं. व्याह्यांचा मान राहतो, इंजिन वाचतं, लेक सुखात राहते.

श्रावणात पाटबंधारे खात्याची चिठ्ठी आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब येणार, बोटीत बसून बघणार, आणि पटलं तर परवाना देणार. देवमनरावांनी उत्साहाने दोन्ही इंजिनं सुरू केली. डावं गुणी मुलासारखं चाललं. उजव्याने एक ढेकर दिली आणि असा निळा धूर सोडला की काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. फळी उचलली तर खाली सगळीकडे तेलच तेल.

अकोल्याहून बद्रुद्दीन मिस्त्रींना बोलावलं. ट्रॅक्टरची आणि विहिरीवरची इंजिनं खोलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी काडी काढली. तेल चढेल तशा देवमनरावांनी मारलेल्या एकावर एक सात रेघा काडीवर होत्या. सगळा वृत्तांत ऐकून त्यांनी तेल बोटावर घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं.

"तेल चढून राह्यलं म्हणजे अंदर कुछ तो घुसून राह्यलं," ते म्हणाले. "पण पानी असतं तं तेल दुधासारखं झालं असतं. डिझेलची बास नाही. भाऊ, चाळीस साल झाले, तेल खाणारे इंजिन लय पाह्यले. तेल पैदा करणारं पहिलंच."

"मंग?" देवमनरावांनी विचारलं.

"खोलाव लागीन. पुरं."

पहिली सोडून प्रत्येक रेघ कुठल्या रविवारची, हे खुशालराव तारखेनिशी सांगू शकले असते. पण सांगणार काय? की मी तुमच्या बैलाला चोरून चारा घालत होतो, कारण मला वाटलं तुम्ही त्याला उपाशी ठेवता? फेट्याला हात लावणारा चुलतभाऊ यापेक्षा फारच सभ्य होता.

ते गप्प राहिले, आणि गप्प राहण्याने प्रकरण आणखी बिघडलं. देवमनरावांनी रात्रंदिवस विचार करून शोध लावला की बोटच खोटी होती, आणि ती कोकणात जाऊन पाहून, चार पानांची यादी करून, पसंत कोणी केली? खुशालरावांनी. ते तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुशालरावांचा फोन उचलणं बंद केलं. मग आरतीचा फोन आला. सासरे, तिचे मामाजी, दोन दिवस धड जेवले नाहीत, भाजी पुढे ठेवली की ताटाकडे बघत बसतात, एवढंच तिने सांगितलं.

खुशालरावांनी शेवटी सगळं बायकोला सांगितलं. रुख्मिणीबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

"मले काहून सांगता? त्यायले सांगा."

"पोरगी त्यायच्या घरात हाय."

"हाय तं हाय. उद्या इंजिनात काही सापडलं नाही, तं ते बोटीले बोल लावतीन का तुमाले?"

खुशालराव सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. वाटेत त्यांनी व्याह्यांना सांगायचं वाक्य तयार केलं: "इवाईबुवा, वरतून तेल म्या टाकलं." वाक्य लहान होतं, पण अकोला येईपर्यंत ते बावीस वेळा म्हणून झालं आणि प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दाला अडकलं.

पोळा दुसऱ्या दिवशी होता. पोळ्याच्या दिवशी बैलाला काम नाही, त्यामुळे इंजिनालाही पाना लावू देणार नाही असं देवमनरावांनी बजावलं होतं. जे खोलायचं ते आजच. खुशालराव धरणावर पोचले तेव्हा बद्रुद्दीन मिस्त्रींनी हत्यारं मांडली होती, देवमनराव पाठमोरे उभे होते आणि आरती चहाची किटली घेऊन आली होती. मिस्त्रींनी पाना पहिल्या नटाला लावला.

"इवाईबुवा," खुशालराव म्हणाले, "वरतून तेल..."

देवमनराव वळले. त्यांचे डोळे लाल होते. खुशालरावांचं वाक्य तिथेच संपलं.

"मामाजी," किटली खाली ठेवून आरती म्हणाली, "तेल मी टाकत होती. मले वाटलं तुमी कामात असता, भुलसान. चुकलंच माहं."

मग बद्रुद्दीन मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि पोटातून हसायला लागले. देवमनराव सुनेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी ताठ झाला, मग सैल पडला.

"माह्या बैलाले चारा टाकत होती पोरगी," ते म्हणाले, आणि हे ते त्या दिवशी गावात भेटेल त्याला सांगत सुटले. मिस्त्रींनी जास्तीचं तेल बादलीत काढलं, गळून गेलेलं सोडून सात लिटर भरलं. नट होता तसा राहिला. पोळ्याला देवमनरावांनी दोन्ही इंजिनांना हळद-तुपाने चोळलं आणि व्याह्यांना आग्रहाने पुरणपोळी वाढली. खुशालरावांनी पाच खाल्ल्या, पण त्यांना चव कळली नाही. आपलं पाप लेकीने का घेतलं, का ती खरंच तेल टाकत होती, हे त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मिस्त्री सुकाणूवर, देवमनराव साहेबांशेजारी. बोट निघाली. खुशालराव आणि आरती काठावर उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना विचारता आलं.

"तू खरंच टाकत होती?"

"मी?" आरती म्हणाली. "बाबा, रिकामे डबे तुमी आमच्याच गोठ्यामागं फेकत होते. मले समजणार नाही?"

"मंग खोटं काहून बोलली?"

"मामाजी माह्यावर रागावले तं दोन दिवसांत भुलतात, चहा मागाच लागते. तुमच्यावर रागावले असते तं तुमी इतवारी येणं सोडलं असतं."

खुशालरावांचे डोळे भरून आले. चार वर्षं ते या पोरीची काळजी करत होते, आणि ही इथे उभी राहून त्यांना सांभाळत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आरती पदराशी चाळा करू लागली.

"बाबा, एक सांगू? त्या इंजिनात तेल किती टाकतात?"

"आता महिनाभर थेंब नाही टाकाचं. काहून?"

"मामाजींनी काल दोन डबे आणून देले. म्हणे, आतापासून हे काम तुह्यं. मी आज पहाटे टाकले."

"दोन्ही?"

आरती धरणाकडे बघू लागली. धरणाच्या मध्यावर निळा धूर उठला होता. बोट दिसेनाशी झाली, मग धुरातून साहेबांचं खोकणं ऐकू आलं, मग उजवं इंजिन बंद झाल्याची शांतता. एकट्या डाव्या इंजिनावर बोट तिरकी तिरकी चालत, तीनदा वाट चुकत, काठाला लागली. साहेब रुमाल नाकाला लावून उतरले. त्यांच्यामागून देवमनराव उतरले आणि सरळ सुनेपुढे येऊन उभे राहिले.

"किती टाकलं होतं, आरती?"

आरतीने तोंड उघडलं. पण त्याआधी खुशालराव तिच्या पुढे येऊन उभे होते.

"तिनं बरोबरच टाकलं होतं, इवाईबुवा," ते म्हणाले. "वरतून तेल म्या टाकलं."

आगगाडीत बावीस वेळा अडकलेलं वाक्य एका दमात बाहेर पडलं. फक्त या वेळी ते खरं नव्हतं. देवमनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आरतीकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून तोंडावरची काजळी पुसली.

"मंग सांगाचं नं, बुवा," ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"