अंग गार, वय गपगार

मे महिन्यात, जळगावच्या भर उन्हात, स्वेटर घालून निघालेलं जोडपं तुम्ही कधी पाहिलंय? नसेल तर आमच्या मेहरूण भागात या. पुढे नाना, मागे त्यांच्या पत्नी अक्का, दोघांच्याही कानाला मफलर. रिक्षावाले थांबून बघतात. नाना उलट त्यांनाच दटावतात, "काय बघतो रे? अंग गार, वय गपगार!"

या वाक्याचा उगम दुर्दैवानं माझ्याच घरात आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि नाना माझे शेजारी. मूळचे धुळ्याकडचे, पण सगळी हयात इकडे केळीच्या व्यापारात गेली. एका संध्याकाळी मोबाइल नाचवत आले. "मॅडम, हा कोण पाहुणा?" पडद्यावर मादागास्करचा जाड शेपटीचा लेमूर होता. ओंजळीत मावेल एवढा, डोळे मोठाले. आता मास्तरीण ती मास्तरीण, मी सांगत सुटले. कोरड्या दिवसांत खायला मिळत नाही, म्हणून हा शेपटीत चरबी साठवतो आणि झाडाच्या ढोलीत महिनोन्‌महिने निजतो. अंग गार पडतं, काळीज कसंबसं चालतं. तरी एवढ्याशा जिवाच्या मानानं जगतो भरपूर. ही झोपच त्याचं म्हातारपण लांबवत असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे आमच्या केळीसारखंच की!"

झालं! केळी गारव्यात ठेवली की हिरवीची हिरवी राहते, हे त्यांना पाठ. तेव्हापासून माणूस लेमूरमय झाला. भाजीवालीला लेमूर, न्हाव्याला लेमूर. एका लग्नात तर स्टेजवर चढून नवरा-नवरीला आशीर्वाद दिला, "झोपेतून उठले की त्यांची लग्नसराई! मग पिल्लं. आई चरायला गेली की बाप पिल्लं राखत बसतो. जोडी काही मोडत नाही. तसे राहा!" नवरी हसून हसून बेजार. त्या जोडीतली पिल्लं दर वेळी त्याच बापाची असतात असं नाही, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. कशाला उगाच?

पुढे हे स्वेटर प्रकरण निघालं. गावाबाहेर नानांचं केळीचं कोल्ड स्टोरेज आहे. रोज दुपारी दोघांनी तिथं जाऊन बसायचं, हा नवा नेम. माझं डोकंच फिरलं. "अहो नाना, माणूस म्हणजे लेमूर नाही! असं वय थांबत नसतं. सर्दीनं आजारी पडाल दोघं. आणि हवंय कशाला एवढं आयुष्य?"

"मला नको हो," नाना म्हणाले. "हिच्यासाठी चाललंय. विसरायला लागलीय ती. आधी गॅस विसरली, मग घराचा रस्ता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पण मला अजून ओळखते. तिला इथंच थांबवायचंय, मॅडम. पिकली ती पिकली, आता याच्यापुढं नको."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याबरोबर निघाले.

दार लागलं आणि बाहेरचं ऊन कुठल्या कुठे गेलं. छतापर्यंत हिरव्या केळीचे क्रेट, मंद दिवा, पंख्यांची संथ घरघर, ओलसर हिरवा वास. अर्ध्या झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. दोन खुर्च्या, दोघांत एक शाल. नाना हळू आवाजात लेमूरची गोष्ट सांगत होते. पानं झडलेलं रान, ढोलीतला अंधार, आत एकमेकांना बिलगून निजलेले दोन जीव. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. बाहेर जळगाव आहे, मे महिना आहे, हे मीसुद्धा विसरले. वाटलं, काय सांगावं, थांबेलही वय.

मग अक्कांनी डोळे उघडले. शाल बाजूला केली, नानांकडे निरखून पाहिलं आणि आपल्या अहिराणीत, अगदी अदबीनं विचारलं, "बाबा, तुम्ही कोन शेतस?"

नानांचा हात शालीवर तसाच राहिला.

"मना नवरा माले लेवाले आठे यी राह्यना," अक्का सांगू लागल्या. "सायकलवर येस तो." आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, माहेरपण संपलं होतं म्हणे, आता तो त्यांना घरी न्यायला इथं येणार होता. सांगताना चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी क्रेटकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

वाटलं होतं, नाना म्हणतील, अगं, मीच तो. ते उठले. शाल पुन्हा अक्कांच्या खांद्यांवर नीट घातली. आपली खुर्ची मागे सरकवली, परक्या माणसानं बसावं इतकी लांब.

"येतीन, येतीन," ते म्हणाले. "तवलोंग मी आठेच बठस."