दोन फुलं काढली, एक लावलं

"अहो, ही जामदानी जरा खुर्चीवर पसरून ठेवते. वारा लागू दे तिला. तुम्ही फक्त लक्ष ठेवा, हात लावू नका," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"साडीला हात लावून मी काय करणार आहे?" वर्तमानपत्राआडून दिगंबरपंतांचा आवाज आला.

"तेच म्हणते. काही करू नका." आणि पिशवी उचलून त्या मंडईत गेल्या.

संध्याकाळी कोलकात्याच्या विहीणबाई नारायण पेठेतल्या घरी पहिल्यांदाच येणार होत्या. साडी त्यांनीच मुलाच्या, श्यामच्या लग्नात दिलेली. हातमागावर विणलेली, हस्तिदंती रंगाची, वाऱ्यासारखी हलकी सुती साडी आणि तिच्यावर लाल फुलं. आपण त्यांच्या देण्याची कदर करतो हे विहीणबाईंना दिसावं, म्हणून मंदाकिनीबाईंनी तिची घडी मुद्दाम आजपर्यंत मोडली नव्हती.

दिगंबरपंत खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. नोकरी संपली, पण तपासणी काही सुटली नाही. जिन्याचा कठडा, भाजीवाल्याचा काटा, सुनेच्या पोळीचा घेर, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. मग साडी कशी सुटणार? पदराच्या उलट्या बाजूला एका फुलातून लाल दोऱ्याचं टोक वर आलेलं त्यांना दिसलं.

"असा माल पास कसा करतात लोक?" ते पुटपुटले आणि त्यांनी ते टोक चिमटीत धरून ओढलं.

दोरा सरसर येतच राहिला. थांबला तेव्हा हातात लाल दोऱ्याचं एक वेटोळं होतं आणि पदरावरचं फूल गायब होतं.

भोक केवढं पडलंय ते बघायला त्यांनी पदर खिडकीशी नेला, तर भोक नव्हतंच! कापड जसंच्या तसं, उजेड गाळून घेत शांत लोंबत होतं. म्हणजे हे भरतकाम नव्हे. कापड विणता विणता कुणीतरी मागावरच, नुसत्या बोटांनी, हा दोरा एकेका धाग्यामधून वळवत फूल उमलवलं होतं, आणि खालच्या कापडाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. असं एकेक करून सबंध साडीभर! पंत चाट पडले. इतकं काटेकोर काम त्यांनी मशीनकडूनही कधी झालेलं पाहिलं नव्हतं.

पण नुसतं थक्क होऊन फूल परत येत नव्हतं. त्यांनी सुई शोधली. दोरा नेमका कसा वळवायचा ते कळेना, म्हणून कारखान्यातल्या रीतीप्रमाणे त्यांनी नमुना उघडून बघायचं ठरवलं, म्हणजे शेजारचं फूल जरासं उसवलं. तेही आख्खं हातात आलं.

आता जागा दोन फुलांची आणि हातात नुसता गुंता. शेवटी दोन्ही दोरे मिळून त्या जागेत एकच लांबट फूल बसवावं, असा तोडगा त्यांनी काढला. मंदाकिनीबाई परत आल्या तेव्हा ते खिडकीशी बसून, नाकावर चष्मा आणि ओठांत सुईचा दोरा धरून, शेवटची पाकळी बसवत होते.

"अहो! काय केलंत हे?"

"दोन फुलं काढली. एक लावलं."

"हे फूल आहे?"

पंतांनी नीट पाहिलं. "फुलाच्या वळणावर गेलंय."

मंदाकिनीबाई मटकन खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. "किती कौतुकानं दिली होती हो त्यांनी! आता काय तोंड दाखवू मी?"

"चुकलं माझं," पंत म्हणाले. हे शब्द त्या घरात नवीन होते. "पण मंदा, एकदा इकडे ये. हे उजेडात बघ."

त्या रागारागानं उठल्या आणि पदराशी आल्या. एक फूल बघितलं, दुसरं बघितलं, मग पदर हलकेच उलटून बघितला. देवळात उभं राहावं तशी दोघं त्या साडीपुढे उभी होती.

"नेसते मी," शेवटी त्या म्हणाल्या. "पण त्यांनी विचारलं तर तुम्ही सांगायचं. मी खोटं बोलणार नाही."

विहीणबाई आल्या त्याच साडीकडे बघत. "कितनी सुंदर लग रही हैं आप!" असं म्हणून त्यांनी कौतुकानं पदर हातात घेतला, आणि त्या लांबट फुलाशी थबकल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पंत उठून उभे राहिले.

"वो जो है ना, वो... मैंने किया. सुई से."

"आपने?" विहीणबाईंचा आवाज कापला. "अपने हाथ से? ओ मा! मछली!"

पंतांनी मान वाकडी करून पदराकडे पाहिलं. खरंच मासा होता. डोळ्यासकट.

"हमारे यहाँ शादी में मछली भेजते हैं. सबसे शुभ!" विहीणबाईंनी पदर कपाळाला लावला. "मेरी बेटी के ससुरजी ने हमारे लिए मछली बुनी! कोई करता है इतना?" त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

त्या घरात वाढदिवसाचा केकसुद्धा अंडं नसल्याची खात्री करून मगच उंबऱ्याच्या आत येत असे. मंदाकिनीबाई श्वास रोखून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

पंतांनी घसा खाकरला.

"हां," ते म्हणाले. "लेकिन शेपूट जरा आखूड हो गया."