पाठक सरांचं पाऊण मिनिट

आमच्या मेहकरात उन्हाळ्यात माणसं कूलरसमोर झोपतात. पाठक सरांच्या घरी कूलरसमोर पियानो असतो. कूलर एकच. मे महिन्यात सर आणि काकू डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसतात आणि तो काळा ऐवज गार वारा खातो. का, तर कोरड्या झळांनी लाकूड तडकू नये!

काकूंना विचारलं तर म्हणतात, "यापेक्षा सवत परवडली असती हो. भांडे तरी घासले असते तिनं."

सर मूळचे इथलेच. वडील भिक्षुकी करायचे. पोरगा संस्कृत शिकायला म्हणून मुंबईला गेला आणि पियानो शिकला. पुढं तिथंच शिकवलं, स्वतःच्या रचना लिहिल्या. युरोपातल्या कुठल्याशा शहरात त्या वाजल्या म्हणे. टाळ्या वाजल्या का, ते सर सांगत नाहीत. निवृत्त झाल्यावर पियानो बारदानात गुंडाळून ट्रकमधून गावी आणला.

त्यांच्या रचना म्हणजे आपल्या कानांची परीक्षाच. ठेका सापडत नाही आणि सूर सापडला म्हणेपर्यंत निसटतो. एकदा त्यांनी वीस मिनिटं जीव तोडून वाजवलं. शेजारच्या किराणावाल्यानं खिडकीतून विचारलं, "सर, झाली का दुरुस्ती?"

"झाली," सर म्हणाले. "आता तुह्या कानाची राह्यली. कान धुऊन ये, बे!"

हे 'कान धुऊन ये' त्यांनी तहसीलदारांनाही ऐकवलंय.

आता माझं. मी रिटायर्ड कारकून आणि गावाचा कायमचा सूत्रसंचालक. साखरपुड्यापासून शोकसभेपर्यंत माइक माझाच. स्टेजवर दोन सेकंद शांतता झाली, की माझा हात आपोआप माइककडे जातो. काहीतरी बोलल्याशिवाय तो खाली येत नाही.

गेल्या हिवाळ्यात सर आपणहून माझ्याकडे आले. या माणसानं आजवर गावात कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

"वाचनालयाच्या कार्यक्रमात मले अर्धा घंटा द्या," म्हणाले. "नवीन लिहिलंय. लोक नाही आले तरी चालते. फक्त तुमच्या काकूले पहिल्या रांगेत बसवा, मधोमध."

आठ हमालांनी घाम गाळून पियानो हॉलमध्ये नेला. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. सर वाजवू लागले. दहा-बारा मिनिटं झाली आणि सरांनी दोन्ही हात उचलले. तसेच हवेत धरले.

शांतता. पाच सेकंद. दहा सेकंद. कोणीतरी खोकलं. मी माइक उचलला, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" आणि लगेच आभार प्रदर्शनाला लागलो. मंडपवाले, साउंडवाले, चहावाले, एकालाही सोडलं नाही. अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. लोक पोह्यांकडे धावले. सर नारळ धरून पहिल्या रांगेकडे बघत राहिले. काकूंची खुर्ची रिकामी होती. त्या चहा वाटायला गेल्या होत्या.

आठ दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मीच गेलो.

"चुकलं, सर. पण एवढा वेळ गप्प काऊन बसायचं माणसानं?"

"पाऊण मिनिट होतं. लिहिलेलंच होतं तसं," सर म्हणाले. "पुढचं अर्धं राह्यलं. ते तिच्यासाठी होतं."

"मग घरीच वाजवा नं. काकू घरीच आहेत."

"घरी ती बसते कुठं?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "चाळीस वर्षं मी वाजवून राह्यलो आन् ती पोळ्या लाटून राह्यली. माझं एकही पूर्ण ऐकलं नाही तिनं. वाटलं, हॉलमध्ये तरी उठता येणार नाही तिले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. बायको थेट स्वयंपाकघरात घुसली. "काकू, आज ओट्याले हात लावला तं माह्याशी गाठ आहे!"

काकू सरांच्या मागं खुर्चीच्या कडेवर बसल्या, अवघडून. सर वाजवू लागले. बारा मिनिटांनी हात उचलले. मी जीभ दाताखाली धरली. काकूंना वाटलं, झालं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठू लागल्या, "चहाचं पाहते..."

सरांनी मान न वळवता डावा हात मागं नेला आणि त्यांचं मनगट धरलं.

"बस नं थोडी."

काकू बसल्या. सरांनी मनगट सोडलं नाही. दोन हातांसाठी लिहिलेलं पुढचं सगळं त्यांनी एकट्या उजव्या हातानं वाजवलं.