पाच महिन्यांच्या रताळ्याची निळी खळ

रताळं किती महिने जमिनीत होतं, हे मी नुसतं नखानं ओरबाडून सांगते. कोवळं असेल तर पाणी सुटतं, मुरलेलं असेल तर दाट पांढरा चीक. हे शाळेत नाही शिकले. शाळा मी गेल्या वर्षी नववीतच सोडली. आत्याच्या स्टार्चच्या कारखान्यात शिकले, तेही महिनाभरात.

महिनाभरात, कारण आत्यानं बाबांकडून महिनाच मागून घेतला होता. "कामाची निघाली तर ठेवते. नाहीतर शाळा काही पळून जात नाही." हे घडलं तो एकोणतिसावा दिवस होता.

सकाळी आत्यानं दोन बादल्या मांडल्या. एकीत तीन महिन्यांत काढलेली दोन किलो रताळी किसून, धुऊन, फडक्यातून गाळलेलं पांढरं पाणी. दुसरीत तसंच, पण पाच महिने जमिनीत राखलेल्या रताळ्यांचं. त्यासाठी मुद्दाम दोनच छोटे वाफे राखले होते, त्यातली सगळी रताळी यातच संपली. स्टार्च तळाशी बसला की त्याचा थर बोटांनी मोजायचा. कशात जास्त ते बघून दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांना सांगायचं, आता खणा की थांबा.

"चारला येते," आत्या म्हणाली. "नुसतं बघत बसायचं. हात लावायचा नाही."

नुसतं बसणं मला जमलं असतं तर मी आज दहावीत असते.

पाच महिन्यांचीच जिंकणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आत्याला पुरावाच देऊ. फळीवर आयोडीनची बाटली होती, स्टार्चवर त्याचा थेंब टाकला की निळं होतं. स्टुलावर चढले. झाकण घट्ट. घट्ट झाकणांचा मला भयंकर राग येतो. दिला हिसडा. झाकण हातात राहिलं आणि बाटली पाच महिन्यांच्या बादलीत.

बादली काळीनिळी झाली. माराच्या वळासारखी.

किसायच्या यंत्रावरच्या काकांना हाक मारली.

"काका, हे परत पांढरं कसं होतं?"

"काय केलंस गं?"

"मी नाही. कुणीतरी केलंय."

"इथं आपण दोघंच आहोत."

"मग तुम्ही असाल."

काकांनी बादलीत डोकावलं आणि डबा उचलला. "मी जेवायला गेलो होतो. सकाळपासूनच."

मी एकटी उरले. चमचाभर निळं पाणी गॅसवर धरलं, म्हटलं बघू तरी. आणि काय सांगू, निळं गेलं! पिवळट उरलं, पण आत्याचा चष्मा जुना आहे.

सगळी बादली ढवळून पातेल्यात ओतली आणि ठेवली गॅसवर. रंग उतरत गेला तसा माझा जीव भांड्यात पडायला लागला. तेवढ्यात पळी हलेना. सोडून दिली तर तशीच उभी राहिली. स्टार्च उकळला की खळ होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घट्ट झालं तर पातळ करावं. साधं पाणी ओतलं तर आत्याला कळेल, म्हणून तीन महिन्यांची बादली त्यात ओतली. झालं पातळ. मी घाम पुसला.

मग ते निवायला लागलं. कडेनं आधी एक निळी रेघ आली. मग निळं आत सरकायला लागलं, हळूहळू, मला शोधत आल्यासारखं. पावणेचार. परत गॅस पेटवायला वाकले तर फाटकाशी आत्याचा टेम्पो.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पातेल्याजवळ उभी राहिली. एक बोट बुडवून वर काढलं.

"आयोडीन सांडलं?"

"हो."

"मग उकळलं कशाला?"

"तुला दिसू नये म्हणून."

"अगं बयो, हे पाणी मोजून झालं की मोरीतच जायचं होतं. निळं काय नि हिरवं काय. थर तेवढा मोजायचा होता. बसला होता ना तळाशी?"

"बसला असेल."

"किती बोटं?"

भीतीच्या भरात मी तळ बघितलाच नव्हता. "तीन," मी म्हटलं.

"कशात?"

मी पातेल्याकडे बघितलं. त्यात तीन महिन्यांचं कुठलं नि पाच महिन्यांचं कुठलं, काही दिसेना.

आत्या स्टुलावर बसली. "म्हणजे परत दोन वाफे लावायचे. परत पाच महिने थांबायचं."

"मी लावते, आत्या. खरंच. माझी मी लावते."

"लाव की. रविवारी लाव. सोमवारपासून शाळा."

लावलेत मी वाफे. दर रविवारी पाणी घालते. बाकीचे दिवस नववीच्या वर्गात असते. तिथं माझा धाकटा भाऊ मॉनिटर आहे, आणि पाणी प्यायला जायचं असेल तर त्याला विचारावं लागतं.