पाचवी खेळाडू

आमच्या मजल्यावरच्या कुंदाताई कुणाच्या हातात काही देत नाहीत. फेकतात. कोथिंबिरीची जुडी, किल्ल्या, एकदा तर दुधाची पिशवी. "हात!" एवढीच सूचना मिळते, आणि ती कानावर पडेपर्यंत वस्तू निघालेली असते. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींकडे नारळ असाच पाठवला. गुरुजींनी झेलला, पण सोवळं सुटता सुटता राहिलं. "हात चांगले आहेत, पाय जड आहेत," असा शेरा मारून ताई तीर्थाला बसल्या.

ताई बास्केटबॉल खेळायच्या, तेही राज्याच्या संघातून. नोकरी खेळावरच लागली. त्यांची आई म्हणे हाफ पँटची शिवण उसवून ती दोन बोटं लांब करायची, आणि मैदानावर पोचल्या की ताई ती पुन्हा दुमडायच्या. लग्न का केलं नाही, असं विचारलं की म्हणतात, "स्थळं बुटकी होती."

साठी उलटली तरी रोज सकाळी पार्किंगमध्ये चेंडू आपटत असतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार झाली तेव्हा म्हणाल्या, "मग तुमच्या पोरींना पाठवा, त्या आपटतील." आमच्या अख्ख्या फुलपाड्यातून एक मुलगी आली. तिला रील काढायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यात प्रौढ महिलांचे सामने ठरले आणि ताईंच्या अंगात आलं. जुन्या मैत्रिणींना फोन सुरू झाले. एक कॅनडात नातवंडं सांभाळत होती, दोघींच्या फोटोंना हार चढले होते. कशाबशा ताईंसकट चौघी जमल्या.

"पाच लागतात गं," त्या मला म्हणाल्या. "सुरुवातीला पाच जणी मैदानात उभ्या हव्यात. नंतर एक बाहेर बसली तरी चौघी खेळू शकतो. फिलूला नुसतं उभं करायचं."

फिलू म्हणजे वसईची फिलोमिना. ताई तिला न बघता पास द्यायच्या, कारण ती डाव्या कोपऱ्यात असायचीच. हल्ली फोन मात्र तिची सून घ्यायची आणि "मम्मी झोपल्यात" म्हणायची. "आळशी झालीय," असा निकाल देऊन ताई चेंडू पिशवीत घालून निघाल्या. सोबतीला मी.

फिलोमिना ओट्यावर खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, गळ्यात क्रूस. ताई अंगणातूनच ओरडल्या, "फिलू, हात!" आणि अगदी हलका पास दिला.

हात उठले नाहीत. चेंडू छातीवर आपटला आणि केळीखाली जाऊन थांबला. फिलोमिनाने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि अदबीने विचारलं, "कोणाकडे आलात?"

सून धावत बाहेर आली. "मम्मी आम्हालापण ओळखत नाहीत हो, आंटी. फोनवर कसं सांगणार? त्यांच्या मैत्रिणींना कळलेलं मला नाही आवडत."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. ताई ओट्यावर चढल्या, खाली बसल्या, आणि फिलोमिनाच्या छातीवर हात फिरवत राहिल्या. "लागलं का गं? लागलं का?" फिलोमिना हसली. ते हसू कुणालाही मिळालं असतं.

सुनेने केलेला चहा आम्ही प्यायलो. सामन्यांचा विषय ताईंनी काढलाच नाही.

बस स्टँडवर त्यांनी उरलेल्या तिघींपैकी एकीला फोन लावला. सोबत आणलेला चेंडू केळीखालीच राहिला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी परत जायला वळले, तर त्यांनी माझा दंड धरला. पलीकडून बहुधा फिलूचं विचारलं गेलं.

"फिलू? ती तयार आहे गं, एका पायावर," ताई म्हणाल्या. "माझाच गुडघा गेला. डॉक्टर नाही म्हणतात. माझ्यामुळे राहिलं बघ. बाकीच्यांनाही सांग."

फोन पर्समध्ये टाकून त्या तरातरा बसकडे निघाल्या. त्यांना गाठताना मला धाप लागली.