निनावी मित्रमंडळ

दिंद्रुडच्या अलीकडं एक गाव आहे. विषयच निनावीपणाचा असल्यामुळं गावाचं नाव सांगण्यात येत नाही. तिथं मन्मथप्पांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या तोंडापुढून सरपंच मोहनरावांच्या गोठ्याची नाली. उन्हाळ्यात ती वाहायची. पावसाळ्यात सरळ दुकानात येऊन ज्वारीच्या पोत्यांखाली मुक्काम करायची. हे मोहनरावांना तोंडावर सांगण्याची सोय नव्हती. आप्पांच्या लेकीची, शिवानीची, सोयरीक त्यांनीच जुळवली होती, आणि मध्यस्थाच्या म्हशींविषयी बोलू नये असा रिवाज आहे.

देशाचा बाजार नुकता जगाला मोकळा झाला होता. शेजारच्या मृत्युंजयनं एसटीडी बूथ मोडून इंटरनेट कॅफे काढला. एके दिवशी चुकून त्याच्या पडद्यावर फिनलंडचा एक फळा उघडला. लोक त्यावर चित्र डकवून खाली मनातलं लिहायचे. नाव कुणीच द्यायचं नाही. भाषेचं अक्षर कळेना, पण कुणीतरी कुणाची तरी सालटी काढतंय एवढं गावाला तात्काळ कळलं. मृत्युंजयनं शोधून सांगितलं, की तिकडची माणसं बसथांब्यावरसुद्धा एकमेकांपासून चार हात लांब उभी राहतात. तोंडावर बोलत नाहीत, सगळं या फळ्यावर. एक फळा बंद पडला की तीच माणसं दुसऱ्यावर गोळा होतात, आणि तिथं निघालेले शब्द पुढं पोरांच्या तोंडी बसतात.

"नाव कावून देत न्हाईत बाबा?" आप्पांनी विचारलं.

"नाव दिलं की खरं बोलता येत न्हाई, आप्पा."

फिनलंडचे लोक आप्पांना एकदम भावकीतले वाटले. आप्पांच्याच आग्रहावरून कॅफेच्या भिंतीवर साबणाच्या खोक्याच्या फळ्या ठोकल्या गेल्या, खाली खळीची वाटी ठेवली गेली. नियम तोच, चित्र पाहिजे, नाव नको. पहिल्याच दिवशी कुणी बघत नाही असं पाहून आप्पांनी पेंडीच्या पोत्यावरची म्हैस कापून डकवली आणि खाली डाव्या हातानं लिहिलं, 'हिची नाली माणसांच्या दाण्यात जाते.'

गाव फळ्यावर लोटलं. बियाण्याच्या पिशव्या, काडेपेट्या, लग्नपत्रिका, काही म्हणून शाबूत राहिलं नाही. बियाण्याच्या पिशवीवरचं वांगं म्हणजे तलाठी, काडेपेटीवरची बोट म्हणजे न येणारी एसटी, हे ठरून गेलं. गावच्या लेकी सासरी घाटनांदूरला गेल्या, त्यांनी तिकडं फळे लावले. तेलगावच्या स्टँडावर कुणी "आज बोट हाय" म्हटलं की बायका पिशव्या खाली ठेवून बसकण मारायच्या.

नाली तेवढी जागची हलली नाही. ग्रामसेवक उत्तरेश्वर यांनी नियम दाखवला. "निनावी तक्रारीची दखल घेता येत न्हाई. ती निनावीच हाय असं कुनीतरी नावानिशी लिहून द्यावं, मग बगू."

कुणी दिलं नाही. मोहनराव मात्र रागावले नाहीत, तिथंच त्यांचं सरपंचपण. फळ्यामुळं गावाचं नाव झालं, सबब आपल्या वाढदिवशी सर्व निनावी लेखकांचा शाल-नारळ देऊन सत्कार होईल आणि फ्लेक्सवर फोटो झळकेल, असं त्यांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी गावात निनावी नाही असा माणूस सापडेना. अंगठा उठवणारा शहादेवसुद्धा म्हैस आपणच लिहिली म्हणून शपथ घ्यायला लागला. निनावी मित्रमंडळ स्थापन झालं. अध्यक्षपदावरून कॉलरी धरल्या गेल्या, तेव्हा सगळ्यांनाच उपाध्यक्ष करण्यात आलं.

फ्लेक्स लागला. मधोमध गॉगल घातलेले, कानाला मोबाईल लावलेले मोहनराव, 'निनावी चळवळीचे आधारस्तंभ'. भोवती गोलागोलांत अख्खं गाव, प्रत्येकाच्या खाली ठळक नाव. उत्तरेश्वरही होते. एकच तोंड नव्हतं. लोक फ्लेक्स वाचायचे आणि मान वळवून मन्मथप्पांच्या दुकानाकडं बघायचे.

संध्याकाळी मोहनराव दुकानात येऊन पोत्यावर बसले. धोतर ओलं झालं. त्यांनी तसं दाखवलं नाही.

"मन्मथप्पा, म्हशीचं आमीच लिवलं म्हून समदं गाव सांगून गेलं. न्हाई आलते ते तुमी एकले. आता लिवणारा कोण, ते काय इचारायचं ऱ्हायलं व्हय? शिवानीच्या सासरी बी सांगावं म्हणतो. बापाला लिवायचा लई शोक हाय म्हून."

आप्पांनी आतल्या दाराकडं पाहिलं. त्यांच्या बायकोनं, दानम्मांनी, शिवानीच्या लग्नातला फोटो आणून दिला. त्यातून आप्पांचं मुंडकं कापून घेतलं गेलं, फ्लेक्स नव्यानं छापला गेला, आणि आप्पा कोषाध्यक्ष झाले.

मग उत्तरेश्वरांनी प्रकरण निकाली काढलं. आता तक्रार नावानिशी झाली होती. परंतु सर्व तक्रारदार आधारस्तंभांचेच कार्यकर्ते असल्यामुळं ती आपसांत मिटली, असा शेरा पडला. पुढच्या पावसात ज्वारीला मोड आले. दानम्मांनी ती म्हशींना घातली. मोहनरावांच्याच.

त्या गावात आता निनावी कुणी राहिलं नाही. एकच शिल्लक आहे. ज्यानं हे इथवर वाचलं, मोहनराव म्हणजे आपल्या गल्लीतला कोण ते केव्हाच ओळखलं, गालात हसून घेतलं, आणि जो उद्या सकाळी त्यालाच आधी रामराम घालणार आहे.